दोनदा बारसं झालेली गांधीलमाशी

कपाशीच्या शेंड्यावर पांढरा, मेणकट थर दिसला की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. तो असतो पिठ्या ढेकूण. मादी तीन ते पाच मिलिमीटर लांबीची, मऊ अंगाची. कोवळ्या शेंड्यातला रस ती शोषते आणि चिकट द्रव टाकते. त्या चिकट्यावर काळी बुरशी चढते, शेंडा आखडतो, पाते-बोंडं गळतात.

पण भिंग घेऊन तोच शेंडा जवळून पाहिला, तर कधीकधी घोळक्यात काही निराळेच ढेकूण दिसतात. बाकीचे पांढरे, हे तपकिरी. बाकीचे मऊ, हे फुगीर आणि टणक. बोटाने ढकलले तरी जागचे हलत नाहीत. काहींच्या पाठीत एक नीटस गोल भोक असतं आणि आत नुसती पोकळी.

या ढेकणांना कोणी मारलं? औषधाच्या फवाऱ्याने मेलेल्या ढेकणाला असं भोक पडत नाही. बुरशीने मेलेला ढेकूण असा टणक होत नाही. मारेकरी आत होता आणि काम उरकून बाहेर पडला, एवढं या भोकावरून कळतं. पण तो मारेकरी नेमका कोण? भारतीय कपाशीपुरतं या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पुन्हा तपासलं गेलं आणि दुरुस्तही झालं. त्या प्रवासात, नवी जाती 'सापडते' म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, हे फार छान उलगडतं.

कीड आली कुठून?

२००५च्या सुमारास पाकिस्तानातल्या आणि त्यापाठोपाठ भारतातल्या कपाशीवर पिठ्या ढेकणाचा उद्रेक झाला. पुढच्या दोन-तीन हंगामांत गुजरात आणि पंजाबपासून महाराष्ट्रापर्यंत तो पसरला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशातल्या नऊ कापूसउत्पादक राज्यांत ४७ ठिकाणी पाहणी केली आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या नमुन्यांपैकी ९५ टक्के एकाच जातीचे निघाले: फेनॅकॉकस सोलेनॉप्सिस.

ही जाती इथली नव्हे. टिन्स्ली या कीटकशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको प्रांतातून तिचं पहिलं वर्णन केलं होतं. तिथे ती मुंग्यांच्या वारुळात, झाडांच्या मुळांवर सापडली होती. सोलेनॉप्सिस हे त्या मुंग्यांच्या प्रजातीचं नाव, म्हणून किडीलाही तेच मिळालं.

परक्या देशात आलेली कीड एवढी का माजते, याचं एक मोठं कारण म्हणजे तिचे नैसर्गिक शत्रू मागेच राहिलेले असतात. पण इथे एक आश्चर्य घडलं. २००८ मध्ये दिल्लीच्या परिसरातल्या पिठ्या ढेकणांतून एक इवली काळी गांधीलमाशी बाहेर पडताना नोंदवली गेली. तिला कोणी आणलं नव्हतं, कोणी सोडलं नव्हतं. काही काळातच ती अनेक राज्यांत दिसू लागली. जिथे ती दिसे, तिथे तपकिरी ढेकणांची संख्या वाढलेली असे.

टणक कवचाच्या आत काय घडतं?

गांधीलमाशी म्हटलं की आपल्याला छपराखालचं पोळं आणि डंख आठवतो. ही माशी त्याच मोठ्या गणातली असली, तरी जेमतेम दोन मिलिमीटरची आहे आणि नर त्याहूनही लहान. माणसाला ती डंख करत नाही. ज्या अवयवापासून मोठ्या गांधीलमाशांची नांगी उत्क्रांत झाली, तो अवयव हिच्याकडे मूळच्या कामासाठीच आहे: अंडं घालण्यासाठी.

मादी ढेकणाच्या अंगावर चढते आणि मिशांनी त्याला ठोकून चाचपते. आकार पुरेसा आहे का, आत आधीच दुसऱ्या कोणाचं अंडं तर नाही ना, याचा अंदाज तिला त्यातून येतो. सोयीचा ढेकूण मिळाला की सुईसारखी अंडनलिका ती त्याच्या अंगात खुपसते आणि आत अंडं सोडते. तिसऱ्या अवस्थेतली पिल्लं आणि नुकत्याच वाढलेल्या माद्या तिला अधिक पसंत असतात.

अंड्यातून निघालेली अळी सुरुवातीला ढेकणाच्या अंगातल्या द्रवावर जगते. महत्त्वाच्या अवयवांना ती लगेच हात लावत नाही, त्यामुळे ढेकूण जिवंत राहतो आणि रसही शोषत राहतो. म्हणजे अळीचा अन्नसाठा ताजा राहतो. वाढ पुरी होत आली की मग ती आतलं सगळं फस्त करते. ढेकणाची कातडी फुगून कडक होते, तपकिरी पडते. या टणक खोक्याला कीटकशास्त्रात ममी म्हणतात. ममीच्या आत अळीचा कोष होतो, कोषाची माशी होते आणि ती जबड्याने गोल भोक कुरतडून बाहेर येते. उबदार हवेत या साऱ्याला साधारण दोन आठवडे लागतात. एका ममीतून एकच माशी निघते.

उवा किंवा जंत ज्याच्यावर जगतात त्याला सहसा मारत नाहीत. ही माशी मात्र आपल्या यजमानाला शेवटी मारतेच. त्यामुळे शेतीच्या भाषेत ती परोपजीवी मित्रकीटक ठरते.

आणखी एक गंमत. मधमाश्यांप्रमाणे या माश्यांतही फलन झालेल्या अंड्यातून मादी होते, फलन न झालेल्या अंड्यातून नर. लहान ढेकणातून बहुधा नर निघतात, मोठ्यातून माद्या. लहान ढेकणात अन्न कमी, म्हणून तिथे नर वाढवणं फायद्याचं. अंडी पोसायची असल्यामुळे मादीचं शरीर मोठं असावं लागतं, नराचं लहानात भागतं.

खरा मारेकरी ओळखताना

आता नाव देण्याकडे वळू. पहिली पायरी शेतातली आहे. उडती माशी जाळीत पकडली तर ती कशावर जगते हे कळत नाही. म्हणून तपकिरी ममी गोळा करायच्या, एकेक ममी काचेच्या नळीत ठेवायची, तोंडाला कापसाचा बोळा लावायचा आणि वाट पाहायची. बाहेर येणारी माशी अल्कोहोलमध्ये जपायची. सोबत चिठ्ठी: ठिकाण, तारीख, झाड, यजमान कीड, गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी नसलेला नमुना शास्त्रासाठी जवळजवळ निरुपयोगी असतो.

इथे एक सापळा आहे. ममीतून निघालेली माशी हीच मारेकरी असेल असं नाही. काही माश्या ढेकणाच्या नव्हे, तर ढेकणात वाढणाऱ्या माशीच्या अळीच्या अंगावर जगतात. आपल्या कथेतल्या माशीवर अशी एक प्रोमस्किडिया नावाची माशी नोंदलेली आहे. शेतकऱ्यासाठी पहिली मित्र, तर मित्राला मारणारी ही दुसरी शत्रू. म्हणून प्रयोगशाळेत निरोगी ढेकणांवर संशयित माशी सोडून पाहतात. तिच्यामुळे ममी तयार झाल्या, तरच ती खरी मारेकरी.

दुसरी पायरी सूक्ष्मदर्शकाखालची. दोन मिलिमीटरच्या माशीला टाचणी टोचता येत नाही. म्हणून तिला पुठ्ठ्याच्या छोट्या तुकड्यावर चिकटवतात. काही नमुन्यांच्या मिशा, पंख आणि पाय सुटे करून काचपट्टीवर कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेत बसवतात. मग मोजमाप सुरू होतं. मिशीच्या प्रत्येक पेराची लांबी-रुंदी किती? पंखावरचे केस कुठे दाट, कुठे विरळ? अंडनलिका पायाच्या तुलनेत केवढी? रंग कुठे काळा, कुठे पिवळसर?

ही निरीक्षणं ओळखसूचीत घालतात. ओळखसूची म्हणजे 'असं आहे की तसं' या जोडप्रश्नांची साखळी. प्रत्येक उत्तर पुढच्या प्रश्नाकडे नेतं. मधल्या पायांची ठेवण उडी मारण्याजोगी आणि त्यांवर ठसठशीत काटा असेल, तर माशी एनसिर्टिडी या कुळाकडे जाते. या कुळात चार हजारांहून अधिक जातींची नोंद आहे. डोक्यावर खोल, गोल खळगे दिसले तर ती ईनेसियस या प्रजातीच्या जवळ येते. कुळात अनेक प्रजाती, प्रजातीत अनेक जाती, असा हा उतरता क्रम आहे. इथवर येणं तुलनेने सोपं. खरी कसोटी त्यापुढची: प्रजातीतल्या आजवरच्या प्रत्येक ज्ञात जातीशी आपला नमुना ताडून पाहायचा आणि 'ही त्यांपैकी एकही नाही' असं दाखवून द्यायचं.

हल्ली याला डीएनएची जोड मिळते. पेशीतल्या मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाचा ६५८ अक्षरांचा ठरावीक तुकडा वाचून त्याची तुलना साठवलेल्या नोंदींशी करतात. दिसायला सारख्या पण प्रत्यक्षात वेगळ्या जाती त्यातून उघड होतात. तरीही शंभर वर्षांपूर्वीच्या, वाळलेल्या नमुन्यांतून डीएनए मिळेलच असं नाही. त्यामुळे भिंग आणि मोजपट्टी अजून सुटलेली नाही.

नावाचा सातबारा

नव्या जातीची नोंद कशी होते, हे समजायला जमिनीचं उदाहरण चांगलं. नवी जाती जाहीर करणं म्हणजे नव्या गटाचा सातबारा काढणं. 'ही माझ्या शेजारची जमीन' असं तोंडी सांगून चालत नाही. वर्णन लिखित हवं, प्रसिद्ध झालेलं हवं आणि आंतरराष्ट्रीय प्राणी नामकरण संहितेच्या नियमांत बसणारं हवं. लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून या नोंदवह्या सुरू झाल्या असं सगळ्या जगाने मानलं आहे.

उताऱ्यावर कितीही लिहिलं, तरी वाद झाला की मोजणीदार हद्दीचा दगड शोधतो. जातीच्या बाबतीत हा दगड म्हणजे होलोटाइप. वर्णन करणारा शास्त्रज्ञ एकच नमुना निवडतो आणि जाहीर करतो की हे नाव या नमुन्याला कायमचं बांधलेलं आहे. तो संग्रहालयात जपला जातो. २००० सालापासून तो कुठे ठेवला आहे हे सांगणंही बंधनकारक झालं. सोबतच्या इतर नमुन्यांना पॅराटाइप म्हणतात. जातीत किती वैविध्य आहे याची कल्पना त्यांवरून येते, पण वाद होलोटाइपवरच मिटतो.

तिसरा नियम अग्रहक्काचा. एकाच गटाचे चुकून दोन उतारे निघाले, तर जुना उतारा खरा मानायचा. नव्याची नोंद फाडत नाहीत, ती जुन्याखाली समानार्थी नाव म्हणून वर्ग होते. हा फेरफार कोणीही अभ्यासक करू शकतो. अट एकच: पुरावा द्यायचा आणि तो प्रसिद्ध करायचा.

२००९ आणि २०१४

कपाशीतली ही माशी अलीगढ मुस्लिम विद्यापीठातले मोहम्मद हयात यांच्याकडे गेली. एनसिर्टिडी कुळातल्या भारतीय जातींवर त्यांनी आयुष्यभर काम केलं आहे. त्यांनी ती नवी जाती असल्याचं ठरवलं आणि २००९ मध्ये 'बायोसिस्टेमॅटिका' या नियतकालिकात तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव दिलं ईनेसियस बंबावालेई. राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तेव्हाचे संचालक ओ. एम. बंबावाले यांच्या सन्मानार्थ. पुरुषाच्या नावावरून जातीचं नाव ठेवताना शेवटी लॅटिन पद्धतीने 'ई' लावतात.

नाव मिळताच काम वेगाने पुढे सरकलं. भारतातले, पाकिस्तानातल्या सिंधमधले आणि चीनमधले संशोधक एकाच नावाखाली लिहू लागले: ही माशी किती दिवसांत वाढते, किती अंडी घालते, कोणत्या औषधाने मरते. सगळ्यांची माहिती एका ठिकाणी जमू लागली. नाव नसतं, तर 'कुठलीशी काळी माशी' या नोंदी एकमेकींशी जुळवणं अशक्य होतं.

मग २०१४ मध्ये इराणमधल्या माश्यांवरच्या एका शोधनिबंधात वेगळंच समोर आलं. बंबावालेई म्हणून ओळखली जाणारी माशी आणि जिरॉल्ट या कीटकशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना प्रांतातून वर्णन केलेली माशी एकच आहे, असं त्या संशोधकांनी दाखवलं. जिरॉल्ट जन्माने अमेरिकन, पण आयुष्याचा मोठा काळ ऑस्ट्रेलियात काढलेला. त्याने तीन हजारांहून जास्त जातींची वर्णनं लिहिली. या माशीला त्याने वेगळ्या प्रजातीत घातलं होतं, पुढे ती ईनेसियसमध्ये हलवली गेली. १९१५ हे २००९च्या आधीचं, म्हणून अग्रहक्काने आजचं नाव ईनेसियस ॲरिझोनेन्सिस. बंबावालेई त्याखालचं समानार्थी नाव झालं.

यात हयात यांचं काम वाया गेलं असं वाटणं स्वाभाविक आहे, पण ते खरं नाही. त्यांच्या तपशीलवार वर्णनामुळेच ही तुलना शक्य झाली. वर्गीकरणशास्त्रात प्रत्येक नवी जाती हा तपासता येणारा दावा असतो, आणि तो तपासला गेला म्हणजे व्यवस्था चालू आहे.

शिवाय या फेरफाराने एक मोठा दुवा दिला. किडीचं पहिलं वर्णन न्यू मेक्सिकोतलं, माशीचं ॲरिझोनातलं. हे दोन्ही प्रांत एकमेकांना लागून आहेत. कीड आणि तिचा शत्रू एकाच प्रदेशातले निघाले, म्हणजे माशी बहुधा किडीच्याच अंगात लपून, रोपांच्या किंवा फुलझाडांच्या मालासोबत समुद्र ओलांडून आली. 'न आणता ती आली कशी?' या प्रश्नाचं सर्वांत पटणारं उत्तर नावाच्या दुरुस्तीतून मिळालं.

नाव चुकलं तर काय होतं?

आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो कसावा आफ्रिकेत कोट्यवधी लोकांचं रोजचं अन्न आहे. १९७०च्या दशकात तिथे या पिकावर पिठ्या ढेकणाची एक जाती माजली. १९७७ मध्ये तिचं फेनॅकॉकस मॅनिहोटी असं नामकरण झालं. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, म्हणून शत्रूचा शोध तिथे सुरू झाला. खंडाच्या उत्तर भागात कसाव्यावर हुबेहूब तसाच ढेकूण सापडला, पण त्याच्यावरच्या माश्या आफ्रिकेतल्या ढेकणावर टिकेनात. कारण ती जातीच वेगळी होती. तिच्यात नर आणि मादी दोन्ही होते, आफ्रिकेतल्या जातीत फक्त माद्या. १९८१ मध्ये खरी जाती पॅराग्वेत सापडली आणि तिची माशीही मिळाली: ॲनागायरस लोपेझी. या माशीचं वर्णन १९६४ मध्येच अर्जेंटिनातून झालेलं होतं. ती त्याच वर्षी नायजेरियात सोडली गेली आणि पुढे कसाव्याच्या पट्ट्यात पसरून तिने कीड आटोक्यात आणली. या मोहिमेचं नेतृत्व करणारे हान्स हेरेन यांना १९९५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे उलट, सुखाचं उदाहरण पपईचं. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला दिसला आणि बागा उद्ध्वस्त होऊ लागल्या. पण त्याच्यावरच्या ॲसेरोफेगस पपाये या माशीचं वर्णन २००३ मध्येच प्रसिद्ध झालेलं होतं. कोणती माशी मागवायची हे माहीत होतं. २०१० मध्ये ती प्वेर्तो रिकोहून बंगळुरूला आली, तिथे वाढवली गेली आणि तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्रातल्या बागांत सोडली गेली.

चौकट: थोडक्यात

- परोपजीवी गांधीलमाशी यजमान किडीच्या अंगात अंडं घालते. अळी आतून खाते, किडीची तपकिरी ममी होते आणि गोल भोकातून माशी बाहेर पडते.
- ममीतून निघालेली प्रत्येक माशी मित्र नसते. काही माश्या मित्रकीटकांवरच जगतात.
- नवी जाती ठरवण्यासाठी ज्ञात जातींशी तुलना, प्रसिद्ध वर्णन आणि संग्रहालयात जपलेला होलोटाइप लागतो.
- एका जातीला दोन नावं मिळाली, तर आधीचं नाव टिकतं.
- कपाशीतल्या पिठ्या ढेकणाच्या माशीचं आजचं नाव ईनेसियस ॲरिझोनेन्सिस (२००९ ते २०१४ दरम्यान ईनेसियस बंबावालेई).

तुम्ही काय करू शकता?

इवल्या गांधीलमाश्यांच्या असंख्य जाती अजून नावाशिवाय आहेत, आणि त्या ओळखू शकणारी माणसं देशात मोजकी. विद्यापीठांतून वर्गीकरणशास्त्राकडे वळणारे विद्यार्थी कमी होत आहेत. अनोळखी कीड मात्र कधी येईल हे सांगता येत नाही, आणि ती आल्यावर पाच वर्षं ओळख पटवण्यात घालवणं परवडणारं नाही.

शेतकऱ्यांनी एवढं करावं: कपाशीवर पिठ्या दिसला की फवारणीचा निर्णय घेण्याआधी ममींचं प्रमाण पाहावं. ते वाढतं असेल, तर सरसकट विषारी फवारा टाळावा, कारण त्या फवाऱ्याने माशी आधी मरते. शेंड्यावर मुंग्यांची रांग असेल तर तिचाही बंदोबस्त करावा. चिकट्याच्या लोभाने मुंग्या ढेकणांची राखण करतात आणि माशीला हुसकावतात.

आणि अनोळखी किडा सापडला, तर तो चिरडू नका. छोट्या बाटलीत अल्कोहोलमध्ये ठेवा, पेन्सिलीने गाव, तारीख आणि झाडाचं नाव लिहून चिठ्ठी आत टाका आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे द्या. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं विभागीय केंद्रही आहे. चिठ्ठी शाईने लिहू नका, ती अल्कोहोलमध्ये विरघळते.